भिजणं वेगळं, सादळणं वेगळं: दमट हवेच्या घरात टीव्ही युनिट बांधताना

भिंतीत बसवलेलं टीव्ही युनिट करून घेणारा जवळजवळ प्रत्येक जण मला सांगतो, "सगळीकडे मरीन प्लाय सांगितलाय, त्यामुळे दमटपणाचा प्रश्नच नाही." मरीन प्लाय, म्हणजे पाण्यातही पापुद्रे न सुटणारा प्लायवुड, सांगितला हे चांगलंच झालं. पण त्यामुळे दमटपणाचा प्रश्न सुटत नाही. वर्ष-दीड वर्षात एखादं शटर पिळवटतं, मागच्या पॅनलवर काळपट बुरशी येते, कपाट उघडलं की कुबट वास येतो, आणि खापर फुटतं सुतारावर किंवा प्लायवर. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. दोष असतो दोन वेगळ्या गोष्टी एकच समजण्याचा.

आपल्या भाषेत त्यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. कापड भिजतं, काडेपेटी सादळते. काडेपेटीवर पाण्याचा थेंबही पडलेला नसतो, तरी काडी पेटत नाही. प्लायवरचा 'वॉटरप्रूफ' हा शिक्का भिजण्याबद्दल बोलतो. दमट हवेतल्या घरात टीव्ही युनिट भिजत नाही, ते सादळतं.

प्लायच्या ग्रेड तुम्हाला माहीत असतील, म्हणून त्या पटकन उरकतो. मरीन किंवा बीडब्ल्यूपी (बॉयलिंग वॉटर प्रूफ) प्लायमध्ये फिनॉलिक गोंद असतो. काही मानकांत त्याचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पापुद्रे सुटतात का ते बघतात. ही परीक्षा गोंदाची आहे. गोंद सुटला नाही म्हणून पापुद्र्यांचं लाकूड हवेतली वाफ घ्यायचं थांबत नाही. एक घोळ मात्र जाता जाता सांगायलाच हवा. 'एमआर' (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे दमटपणाला तोंड देणारं) ही अक्षरं प्लायवर असतील तर ती सर्वांत साधी, घरातल्या कोरड्या जागेची ग्रेड असते. तीच अक्षरं एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदासह दाबून केलेल्या बोर्डवर, असतील तर ते साध्या एमडीएफपेक्षा वरच्या दर्जाचं असतं. एकाच शब्दावर विसंबून दोन्ही घेऊ नका. आणि एमआर एमडीएफचा हिरवा रंग ही नुसती ओळखखूण आहे, त्या रंगानं काहीही रोखलं जात नाही.

आता खरा मुद्दा.

लाकूड सतत आजूबाजूच्या हवेशी देवाणघेवाण करत असतं. खोलीच्या सर्वसाधारण तापमानाला सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. आर्द्रता ६५ झाली की ते १२ वर जातं, ८० ला १६ आणि ९० ला २० च्या आसपास. रंग, पॉलिश, लॅमिनेट या सगळ्यांनी हा प्रवास मंदावतो, थांबत नाही. इथवर बहुतेकांना पटतं. फसगत पुढच्या पायरीवर होते: खोलीतला आर्द्रतेचा आकडा आणि कपाटाच्या मागचा आकडा एकच असतो, असं सगळे धरून चालतात.

तो एक नसतो. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती वाफ आहे ते नव्हे. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या मानानं किती आहे ते. म्हणून वाफ तेवढीच राहून नुसतं तापमान बदललं तरी आकडा बदलतो. खोलीत २८ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता आहे असं धरा. टीव्हीच्या भिंतीपलीकडे झोपायची खोली आहे आणि तिथे एसी चालू आहे, त्यामुळे भिंतीचा पृष्ठभाग २४ अंशांवर आलाय. भिंतीला टेकलेल्या हवेत आर्द्रता होते सुमारे ८९ टक्के. आता युनिटच्या आतला ॲम्प्लिफायरचा कप्पा घ्या. यंत्राच्या उष्णतेनं तिथे ३५ अंश झालेत. त्याच हवेची आर्द्रता तिथे सुमारे ४७ टक्के. वाफ एका कणानंही वाढली नाही की घटली नाही.

या दोन आकड्यांच्या मधोमध काय आहे? तुमचं मागचं पॅनल. त्याची एक बाजू ४७ टक्क्यांच्या हवेत, दुसरी ८९ च्या. एक बाजू सुकते, दुसरी फुगते, आणि पॅनल धनुष्यासारखं वाकतं. प्लायचे पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात म्हणून त्याची लांबी-रुंदी फारशी बदलत नाही हे खरं. पण दोन बाजूंना दोन वेगळे हवामान दिले तर वाकण्यापासून तो सुटत नाही. मरीन असो की नसो.

बुरशीचंही तेच. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते. तिला पाण्याचा थेंब लागत नाही आणि प्लायशी तिचं देणंघेणं नसतं. ती भिंतीच्या रंगावर, साचलेल्या धुळीवर, पुस्तकांच्या पाठीवर वाढते. सगळ्यात उत्तम प्लायचं युनिट थंड भिंतीला घट्ट चिकटवलं तर मागे बुरशी येणारच. वरच्या उदाहरणात खोलीचा आकडा ७० होता, म्हणजे खोलीतलं आर्द्रतामापक बघून तुम्ही निर्धास्त राहिला असता.

याच्या उलटा प्रकार टीव्हीच्या खोलीतच एसी असेल तेव्हा होतो. रात्रभर खोली २४ अंशांवर, सकाळी एसी बंद, खिडक्या उघड्या. बाहेरची हवा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, २६ अंशांच्या आसपास येतो. खोलीतली प्रत्येक २४ अंशांची वस्तू, मग ती काच असो, टीव्हीची धातूची पाठ असो की लॅमिनेट, त्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड. तिच्यावर दव धरतं. सादळण्याचं भिजणं होतं ते या क्षणी. एसी बंद केल्यावर लगेच खिडक्या उघडू नका, युनिट आधी खोलीसोबत गरम होऊ द्या.

एवढं कळलं की आराखडा आपोआप बदलतो.

युनिट आणि भिंत यांच्यात ४० ते ५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. ती खाली आणि वर, दोन्हीकडे उघडी हवी. हे मी दरवेळी दोनदा सांगतो, कारण सुतार फट ठेवतो आणि शेवटी शोभेसाठी वरून पट्टी मारून बंद करतो. बंद फट ही फट नसण्यापेक्षा वाईट, कारण तिथली हवा हलतही नाही आणि दिसतही नाही. खाली जमिनीलगतच्या पट्टीत जाळी, वर छताखाली जाळी, दोन्हींचं क्षेत्रफळ साधारण सारखं. यंत्रांची उष्णता हवेला वर ढकलते, ती खालून नवी ओढते. ही फुकटची ऊर्जा आहे, ती वापरा.

ज्या कप्प्यांत सेट-टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर किंवा गेमिंग कन्सोल बसणार, त्यांना मागचं पॅनल मी देतच नाही. पुढे पट्ट्यापट्ट्यांचं शटर देतो. काचेचं बंद शटर मला अजिबात मान्य नाही: आत यंत्र तापतं, बंद केलं की गार होतं, आणि पल्ला उघडताना आत आलेली दमट हवा आतच अडकते.

प्रत्येक पॅनलला दोन्ही बाजूंनी सारखीच वागणूक द्या. बाहेर १ मिलिमीटरचं लॅमिनेट आणि आत नुसता रंग, हा शटर वाकवण्याचा हमखास मार्ग आहे. आतल्या बाजूलाही लॅमिनेट हवंच, थोडं पातळ चालेल. दिसत नाही म्हणून वाचवण्यासारखी ही गोष्ट नाही.

कडा हा माझा सगळ्यात हळवा विषय. तंतूंच्या कापलेल्या टोकांतून लाकूड सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगानं पाणी घेतं. पुढच्या कडांना सुंदर एज बँडिंग (कड झाकणारी चिकटवलेली पट्टी) असतं, आणि मागच्या कडा, शेल्फची भिंतीकडची बाजू, वायर जाण्यासाठी पाडलेली गोल भोकं कोरीच राहतात. वायरीच्या भोकाच्या कडेला प्रायमरचे दोन हात मारायला पाच मिनिटं लागतात. उपकरणं बसल्यावर ते कुणीही करत नाही. युनिट भिंतीवर चढण्याआधी स्वतः जाऊन सगळी भोकं बघा.

आता भिजण्याकडे येतो, कारण तेही होतं, फक्त त्याचं कारण वेगळं. फरशी पुसताना खालच्या कडेला लागणारं पाणी, आणि भिंतीत मुरलेली ओल. भिंतीला ओल आहे की नुसती हवा दमट आहे, हे युनिट बसवण्याआधी ओळखायची सोपी पद्धत आहे. हातभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. तिचा उगम शोधल्याशिवाय तिथे युनिट बांधूच नका. खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर भिंत थंड आहे आणि हवा दमट. मग वरची फटीची व्यवस्था पुरते. ओल असलेल्या भिंतीवर फोम किंवा पीव्हीसीचा पत्रा मारून 'डँपप्रूफ' केल्याचं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ओल तिथेच राहते, फक्त तुमच्या नजरेआड जाते, आणि पत्र्याच्या कडेनं बाहेर पडते.

या फरकामुळे एमडीएफचं स्थानही नीट ठरतं. भिजलेलं एमडीएफ फुगतं आणि सुकलं तरी मूळ जाडीवर परत येत नाही, म्हणून जमिनीलगतच्या शंभर मिलिमीटरमध्ये ते नको. तिथे स्टीलचे पाय द्या किंवा युनिट भिंतीवर अधांतरी टांगा. पण वरच्या शटरसाठी, जिथे फक्त सादळण्याचा प्रश्न आहे, चांगलं एमआर एमडीएफ प्लायपेक्षा सपाट राहतं, कारण त्याला तंतूंची दिशाच नसते. अस्सल लाकडाचं शेल्फ हवंच असेल तर त्याला हलायला जागा द्या. सागाची ४०० मिलिमीटर रुंद फळी १० टक्के पाण्यावरून १६ वर गेली तर रुंदीत ४ ते ५ मिलिमीटर वाढू शकते. ती भिंतीत दोन्हीकडून घट्ट ठोकली तर काहीतरी फाटणार.

बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, विशेषतः हवा खारी असेल तर. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कपाटात काही तासांत भरून जातात, त्यावर पैसे घालवू नका.

आणि हे सगळं ठरवण्याआधी एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक आणा. ते नीट दाखवतं का हे घरीच तपासता येतं: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम ओलं करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. मग ते खोलीच्या मधोमध न ठेवता, ठरवलेल्या भिंतीला एक रिकामी फळी टेकवून तिच्या मागे ठेवा आणि सर्वांत दमट दिवसांत दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. तो सतत ८० च्या वर दिसला तर फळी भिंतीपासून ५० मिलिमीटर पुढे घ्या, वर-खाली मोकळी ठेवा आणि आणखी आठवडाभर बघा. तरीही उतरला नाही तर टीव्ही समोरच्या भिंतीवर न्या.