सेंद्रिय पारा: कामगारांच्या आजाराने आधीच दिलेला इशारा

थर्मामीटरमधला पारा आणि कार्बनशी जोडलेला सेंद्रिय पारा शरीरात वेगवेगळे वागतात. सेंद्रिय पाऱ्याचाच एक प्रकार असलेला मिथाइल पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो. ही जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते, म्हणून मेंदूत सहज शिरते. लक्षणे मात्र आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतात, आणि तोवर माणूस त्याच जागी राबत असतो.

१८६५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डायमिथाइल मर्क्युरी हा सेंद्रिय पाऱ्याचा द्रव हाताळणाऱ्या दोन सहायकांना विषबाधा झाली. पुढे दोघेही दगावले. तरीही विसाव्या शतकात बियाण्यांना लावायच्या बुरशीनाशकांत सेंद्रिय पारा सर्रास वापरला जाऊ लागला.

असे बुरशीनाशक बनवणाऱ्या इंग्लंडमधील एका कारखान्यातल्या चार कामगारांचे आजारपण ब्रिटिश डॉक्टर डोनाल्ड हंटर आणि सहकाऱ्यांनी १९४० मध्ये नोंदवले. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, आणि समोरचे दिसले तरी बाजूचे न दिसणे. चौघांपैकी एक १९५२ मध्ये वारला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत लहान मेंदू आणि दृष्टीशी निगडित भाग झिजलेले आढळले. हंटर आणि डोरोथी रसेल यांनी १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले.

या विषयातली सर्वांत मोलाची नोंद हीच, असे मला वाटते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये गूढ आजार उघड झाला, तेव्हा कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांना याच वर्णनाने वाट दाखवली. १९५९ मध्ये त्यांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. मिनामातातील चिस्सो या रसायन कंपनीने ज्या प्रक्रियेतून तो समुद्रात जात होता ती १९६८ मध्ये थांबवली. मधली नऊ वर्षे अक्षम्य आहेत. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये सेंद्रिय पाऱ्याची प्रक्रिया केलेले बियाणे लोकांनी दळून खाल्ले आणि रुग्णालयांत ४५९ जणांचे मृत्यू नोंदले गेले.

ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब पडले. जानेवारीत त्यांचा तोल जाऊ लागला, जूनमध्ये त्यांचे निधन झाले. हा द्रव लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातो, हे चाचण्यांतून नंतर कळले. त्यानंतर आत लॅमिनेटचा (प्लास्टिकच्या थरांचा) आणि वर निओप्रीन या कृत्रिम रबराचा जाड, असे दुहेरी हातमोजे वापरण्याची शिफारस झाली.

अमेरिकेत कामाच्या जागी हवेतील अल्काइल पाऱ्याची (मिथाइल पारा याच गटातला) मर्यादा प्रति घनमीटर ०.०१ मिलिग्रॅम आहे. पण हवा मोजून त्वचेतून शिरणारे विष कळत नाही. वेटरहानही फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कप्प्यात, काम करत होत्या.