गंधकाला वासच नसतो

परवा सकाळी पोह्यांना फोडणी द्यायला गेले, तर गॅस पेटवताना तो नेहमीचा वास जरा जास्तच आला. खिडकी उघडली, नळीला आणि रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून पाहिला, कुठेही बुडबुडा नाही. दुपारी वरच्या मजल्यावर सिलिंडर टाकायला आलेल्या दादांना हाक मारली. त्यांनी वाकून रेग्युलेटरशी नाक नेलं, सिलिंडर दोन्ही हातांनी जरासा उचलून पाहिला आणि म्हणाले, "ताई, गळत नाहीये. संपत आलाय. तळाशी आला की वास वाढतो."

मग त्यांनी ओटा पुसायचं फडकं मागून घेतलं, ओलं केलं आणि सिलिंडरच्या अंगावरून वरून खाली एक पट्टा ओढला. दोनेक मिनिटांत पट्टा वरून सुकत आला, पण अगदी बुडाशी चार बोटं ओलाच राहिला. "तेवढाच उरलाय," म्हणाले आणि खांद्यावर रिकामा सिलिंडर टाकून जिना उतरले. दुसऱ्या दिवशी वरणाला उकळी फुटायच्या आत आमचा गॅस गेला.

इतकी वर्षं स्वयंपाक करतेय, पण हे मला ठाऊक नव्हतं. जगातलं सर्वांत उंच शिखर, सर्वांत लांब नदी असल्या माहितीचा मला कंटाळा आहे. ती वाचली की त्या दिवसापुरती डोक्यात राहते. आपल्याच ओट्याखाली वर्षानुवर्षं घडत असलेली गोष्ट कळली की मात्र ती पिच्छा सोडत नाही.

फडक्याचं गणित सोपं आहे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. जिथवर द्रव आहे तिथवरचा पत्रा गार राहतो आणि तिथलं पाणी उशिरा सुकतं. वासाचं गणित त्याहून मजेदार आहे. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन, आणि या दोघांना मुळात वास नाही. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास, तर मरकॅप्टनला त्यासाठी ३५ अंश लागतात. म्हणजे आधी हलके गडी बाहेर पडतात आणि मरकॅप्टन मागे रेंगाळतं. सिलिंडर तळाला जाईपर्यंत उरलेल्या द्रवात त्याचं प्रमाण वाढलेलं असतं, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत नाकाला झोंबतं. (यावरून "वास येतोय म्हणजे संपत आला असेल" असं मात्र गृहीत धरायचं नाही. आधी खिडक्या उघडायच्या, विजेच्या बटणांना हात लावायचा नाही आणि गळती तपासायची. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.)

गॅसमध्ये दुर्गंध घालायची सक्ती कुठून आली, ती कथा वाईट आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचं गाव आहे, तेलाच्या विहिरींमुळे पैसेवालं झालेलं. तिथल्या शाळेने खर्च वाचवण्यासाठी तेलविहिरींवरच्या वाया जाणाऱ्या नैसर्गिक वायूची जोडणी घेतली होती. हा वायू कुठेतरी गळून इमारतीखालच्या पोकळीत साचत राहिला. त्याला वास नसल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. १८ मार्च १९३७ ला शाळा सुटायच्या थोडं आधी कार्यशाळेतल्या एका यंत्राची ठिणगी पडली आणि इमारत उडाली. मुलं आणि शिक्षक मिळून सुमारे ३०० जण गेले. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास घालण्याचा कायदा केला आणि पुढे ती पद्धत जगभर पसरली.

त्याच दशकात कॅलिफोर्नियात गॅसच्या लांबलचक पाइपलाइनवर गळती शोधणाऱ्यांना एक आयता मदतनीस मिळाला होता. पाइप फुटलेल्या जागेवर गिधाडं घिरट्या घालायची. तिथलं टर्की गिधाड मेलेलं जनावर वासावरून शोधतं आणि सडणाऱ्या मांसातूनही मरकॅप्टन सुटतं. बिचाऱ्यांना वाटायचं खाली जेवण आहे. आपल्याकडची गिधाडं या कामाला लावली असती तर काहीच उपयोग झाला नसता, कारण ती नाकाने नाही, डोळ्यांनी शोधतात.

शंभर कोटी भाग हवेत एका भागाहूनही कमी मरकॅप्टन असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. आपण कुत्र्याच्या नाकाचं कौतुक करतो, पण या एका बाबतीत आपणही कमी नाही. याचं कारण या रेणूतल्या एका अणूत आहे, तो म्हणजे गंधक. अंडी, मांस, डाळी यांच्या प्रथिनांत गंधक असतो. ती सडली की गंधकाची उडती संयुगं बाहेर पडतात. ज्यांना तो वास चटकन आला, ते नासलेलं खाण्यापासून वाचले.

मरकॅप्टन या नावाचा अर्थ 'पाऱ्याला पकडणारा' असा आहे. १८३० च्या दशकात डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम झाइसे यांनी हे नाव दिलं, कारण हे पदार्थ पाऱ्याला घट्ट चिकटतात. ही ओढ आपल्या वैद्यांना फार आधीपासून माहीत होती. पारा आणि गंधक खलात घोटत बसलं की चकचकीत पारा नाहीसा होतो आणि काजळासारखी काळी पूड उरते, तीच कज्जली. प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला की सांडलेल्या पाऱ्यावर गंधकाची पूड टाकतात, तीही याच कारणाने. आता खरी गंमत नाकातली. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं की मरकॅप्टनचा वास ओळखणारं आपल्या नाकातलं एक ग्राहक प्रथिन त्या कामासाठी तांब्याचा आयन वापरतं. गंधक धातूला धरायला धावतो, तर नाकाने त्याला पकडायला धातूच मांडून ठेवलाय.

एवढं वाचल्यावर मी स्वयंपाकघरात नाक घेऊन फिरायला लागले. मिसळणाचा डबा उघडला, कांद्या-लसणाची परडी हुंगली. निम्मे वास या एकाच मूलद्रव्याचे निघाले.

कांद्याचं घ्या. तो कापेपर्यंत निरुपद्रवी असतो. विळीने पेशी फुटल्या की वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले गंधकी पदार्थ आणि विकरं (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. हे सगळं एकाच विकराचं काम आहे असं बराच काळ मानलं जात होतं. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दुसरं, खास रडवण्याचंच काम करणारं विकर शोधून काढलं आणि २०१३ मध्ये त्यांना इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस मिळालं. कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून चिरला तर विकरं गारठून मंदावतात आणि रडणं कमी होतं. हे मी करून पाहिलंय. हा गंधक कांदा जमिनीतून घेतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात व्हायडेलिया भागातल्या जमिनीत गंधक इतका कमी आहे की तिथला कांदा गोडसर लागतो. झुणक्यासोबत बुक्कीने फोडून खायचा कांदा तिथे मिळणार नाही.

लसणाची एकच गोष्ट सांगते. लसूण खाल्ल्यावर कितीही दात घासा, वास जात नाही, कारण त्याचं एक गंधकी संयुग रक्तात उतरतं आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतं.

हिंग मात्र या घराण्यातला राजा. फेरूला नावाच्या झाडाच्या मुळाला चीर देऊन निघणारा हा चीक. तो येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. जर्मन भाषेत त्याला 'सैतानाची विष्ठा' म्हणतात, यावरून युरोपाने आमटी कधी खाल्ली नसावी हे उघड आहे. शुद्ध हिंग इतका उग्र की घरी येतो तो बहुतेक वेळा बांधणीचा, म्हणजे पीठ आणि डिंक घालून सौम्य केलेला. डबीवरची घटकांची यादी वाचून पाहा, काही डब्यांत पीठच पहिलं असतं. देशभर फोडणीत पडणाऱ्या या वस्तूची आपल्याकडे शेती नव्हती. १५ ऑक्टोबर २०२० ला हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी पालमपूरच्या संशोधन संस्थेने पहिलं रोप लावलं. थंड आणि कोरडा प्रदेश लागतो त्याला. रोप लावल्यापासून चीक मिळेपर्यंत चार-पाच वर्षं थांबावं लागतं.

आणि पादेलोण. या शब्दाइतकं प्रामाणिक नाव दुसऱ्या कुठल्या मसाल्याला असेल असं वाटत नाही. या काळ्या मिठात भट्टीत तयार झालेली गंधकी संयुगं असतात. ओलावा लागला, लिंबू पिळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि चाटवाल्याच्या गाडीभोवती तो सुप्रसिद्ध दरवळ पसरतो. उकडलेल्या अंड्याचा वास याच वायूचा. अंडं फार वेळ उकळलं तर पांढऱ्या भागातून सुटलेला हा वायू बलकातल्या लोहाला भेटतो आणि बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. अंडं वाया गेलं असं समजून ते टाकू नका, फक्त पुढच्या वेळी लवकर उतरवून गार पाण्यात घाला.

हाच वायू मॅनहोलमध्ये माणसं मारतो. अगदी थोडा असताना नाकाला ढळढळीत कळतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास पोहोचला की वास घेणारी यंत्रणाच बधिर होते. उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, आता ठीक आहे. मग वर ओढायला गेलेला दुसराही आतच राहतो. दर काही महिन्यांनी येणाऱ्या त्या बातम्यांमध्ये 'गुदमरून' एवढंच लिहिलेलं असतं. माणसाला गटारात उतरवणं हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट. त्यातून नाकाच्या भरवशावर उतरवणं म्हणजे जाणूनबुजून मरणाच्या दारात लोटणं.

राहता राहिला खुद्द गंधक. नाव संस्कृत 'गंध'वरून आलेलं, पण शुद्ध पिवळ्या गंधकाच्या खड्याला जवळपास वासच नसतो. जळला, कुजला, हायड्रोजनशी किंवा कार्बनशी जोडला गेला, तरच तो बोलायला लागतो. एकट्याने गप्प बसतो.

मग मला दिवाळीआधीचं काम आठवलं. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन आणि तबक दरवर्षी काळं पडतं. हवेतल्या गंधकी वायूंना चांदी सापडली की ती सिल्व्हर सल्फाइड होऊन बसते, तीच ती धातूची ओढ. या वेळी चिंच आणि राखेऐवजी एका पातेल्याच्या तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल अंथरली, त्यावर निरांजन ठेवलं, दोन चमचे खायचा सोडा टाकला आणि वरून कढत पाणी ओतलं. अॅल्युमिनियम चांदीच्या हातातला गंधक हिसकावून घेतो, त्यामुळे चांदी घासून झिजत नाही. मिनिटभर फसफसलं, वातीच्या खोबणीतला काळेपणा कडेपासून उतरत गेला, पाण्यावर वाफ आली आणि सगळ्या स्वयंपाकघरात एक ओळखीचा वास पसरला.

आई आतल्या खोलीतून ओरडली, "देवाच्या भांड्यांत अंडी उकडतेस की काय गं?"