डीएफडी की फ्लोचार्ट? आधी बाण बघा

सिस्टिम अ‍ॅनालिसिसच्या प्रोजेक्ट रिपोर्टात वर ‘डीएफडी’ (डेटा फ्लो डायग्राम) लिहिलेलं असतं आणि खाली चक्क फ्लोचार्ट असतो. चौकटी आणि बाण दोन्हीकडे असतात, म्हणून ही गफलत होते. खरा फरक बाणात आहे. फ्लोचार्टचा बाण सांगतो, ‘हे झालं की ते करा’. डेटा फ्लो डायग्रामचा बाण सांगतो, ‘ही माहिती इथून तिकडे जाते’. आधी काय, नंतर काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

गावातलं दूध संकलन केंद्र घ्या. फ्लोचार्टमध्ये दूध मोजा, नमुना घ्या, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) तपासा, मग शंकरपाळीच्या आकारात प्रश्न: ‘गाईचं दूध ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला उतरतं का?’ हो तर मूळ दर, नाही तर कपात, शेवटी पावती.

डीएफडीत शंकरपाळी नाहीच. आणि दूधही नाही! कॅन, काटा, टेम्पो यांना तिथे जागा नसते. वावर फक्त माहितीचा. ‘उत्पादक’ हा बाहेरचा घटक. त्याचा सभासद क्रमांक आणि यंत्राकडून आलेलं वजन, फॅट, एसएनएफ ‘रक्कम ठरवा’ या प्रक्रियेत जातं, ‘दरपत्रक’ या डेटा स्टोअरमधून, म्हणजे माहितीच्या साठ्यातून, दर येतो, ‘संकलन नोंदी’त नोंद पडते, उत्पादकाकडे पावती जाते. ‘दहा दिवसांचं बिल काढा’ या प्रक्रियेला त्या नोंदी लागतात, शिवाय पशुखाद्याची उचलही.

आता प्रत्येक स्टोअरला विचारा: यात भरतं कोण? दरपत्रक वाचलं जातंय, पण त्यात लिहिणारी प्रक्रियाच काढलेली नाही. म्हणजे दर बदलायची स्क्रीन राहिली, आणि दर बदलला की कुणीतरी थेट डेटाबेसमध्ये हात घालणार. फ्लोचार्ट कितीही नेटका काढा, ही चूक त्यात दिसत नाही.

स्टोअर ते स्टोअर किंवा बाहेरचा घटक ते स्टोअर असा थेट बाण चालत नाही. मध्ये प्रक्रिया हवीच. प्रक्रियेत माहिती नुसतीच शिरते किंवा नुसतीच बाहेर पडते, तर काहीतरी सुटलंय. कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये, म्हणजे डीएफडीच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, एकच प्रक्रिया, स्टोअर शून्य. पण त्यातला प्रत्येक बाण पुढच्या पातळीवर सापडला पाहिजे. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.

डीएफडी आधी काढा. फ्लोचार्ट ‘रक्कम ठरवा’सारख्या एखाद्या प्रक्रियेच्या पोटात शिरताना. तिथेही गाय-म्हैस, फॅट, एसएनएफ अशा अटी एकमेकींत गुंतल्या, की डिसिजन टेबल (कोणत्या अटींना काय करायचं याचा तक्ता) जास्त सोयीचं पडतं.