तळाची डाळ कुणाच्या वाटीत?

माझे मामा सोलापूरच्या पूर्व भागात राहतात. 35 वर्षं यंत्रमागावर उभ्यानं काम केलं, आता वय 74. परवा जेवून पाटावरून उठताना त्यांनी आधी हात जमिनीला टेकवला, मग भिंत धरली, मग मामीचा खांदा. "गुडघे गेले रे," म्हणाले. गेले असतीलही, पण पायजम्यात मांडी कुठे दिसेना.

दात नाहीत, म्हणून कडक भाकरी सुटली. मामी मऊ भाकरी आमटीत कुस्करून देते, आमटीही वरची वरची. "पचायला हलकी." डाळ पातेल्याच्या तळाशी, आणि तिथून नातवंडांच्या ताटात.

वयाबरोबर स्नायू झिजून ताकद जाते, त्याला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव 1989 साली अमेरिकेतल्या अर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. स्नायू रोज थोडा मोडतो, थोडा बांधला जातो. ही बांधणी सुरू करणारा मुकादम म्हणजे ल्युसिन हे अमिनो आम्ल, प्रथिनाचा एक घटक. म्हातारपणी कामगारांना ऐकू कमी येतं, मुकादमाला जास्त ओरडावं लागतं. एका जेवणात साधारण अडीच-तीन ग्रॅम ल्युसिन असेल तर काम नीट हलतं.

आता गंमत बघा. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिनचा वाटा दुधातल्या प्रथिनापेक्षाही मोठा आहे. म्हणजे मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीत मुकादम भरपूर. कमी पडतं ते सूत. लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल ज्वारीत फार थोडं, आणि आपल्या लाडक्या शेंगा चटणीतही बेताचंच. ताण्यातला एक धागा संपला की बाकीची बोबिनं भरलेली असून उपयोग काय? लायसिन असतं डाळीत. तूर, मूग, मटकी, हुलगा, कुठलीही चालेल. शिजवलेल्या ज्वारीचं प्रथिन तसं जडच पचतं, म्हणून तर डाळीचा आधार जास्तच हवा.

दोन भाकऱ्यांत 12 ग्रॅम प्रथिन, चमचाभर चटणीत 3, आणि 50 ग्रॅम कच्च्या डाळीच्या घट्ट वरणात 11. झाले 26, ल्युसिनही अडीच ग्रॅमच्या आसपास. मटणाची गरज पडली नाही. 55 किलोच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला 55 ते 66 ग्रॅम प्रथिन हवं असं तज्ज्ञ सुचवतात. मामांची सकाळ चहा-बिस्किटावर जाते, तिथेच गाडी मागे पडते. बिस्किटाऐवजी मुगाचं धिरडं किंवा हुलग्याचं माडगं, दोन्हीला दात लागत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिन वाढवू नये.

आणि स्नायूवर भार पडला नाही तर खाल्लेलं प्रथिन बांधणीला पुरतं लागत नाही. मामांना मी खुर्चीवर बसवलं. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. 15 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी झाली असं धरतात. त्यांना 19 लागले. आता रोज दोनदा हेच उठणं-बसणं, टीव्हीसमोर.

"मामी, तूही बस की."

"माझं काय मोजतोस?" ती शेवटी जेवते. पातेल्यात तेव्हा डाळ नसते, भाकरी आणि चटणी असते. हसत हसत बसली, तिसऱ्यांदा उठताना तिचा हात आपोआप टेबलाकडे गेला.

22 सेकंद.