व्हर्च्युअल टेबलटॉप

टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे भूमिकाधारी खेळ वेगवेगळ्या ठिकाणच्या खेळाडूंना संगणकावरून एकत्र खेळता यावेत, यासाठी वापरली जाणारी आज्ञावली. खेळाडूंच्या बोलीत ‘व्हीटीटी’. नकाशा, त्यावरील सोंगट्या, फासे, पात्रांची नोंदपत्रे आणि संभाषणाची चौकट हे तिचे नेहमीचे भाग. कथा पुढे नेणे व नियमांचा निवाडा करणे हे काम मात्र ‘गेम मास्टर’ या माणसाकडेच राहते. संगणकीय खेळांपासून तिचे वेगळेपण यातच आहे.

पूर्वपीठिका : उगमाबद्दल एकमत नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (‘डी अँड डी’) हा भूमिकाधारी खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षाच्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो संगणकजालावर ‘पेडिट५’ व ‘डीएनडी’ ही त्याची अनुकरणे आली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा बहुखेळाडू खेळ रचला. काही लेखक व्हीटीटीचा वंश येथून धरतात. परंतु या खेळांत निवाडा यंत्र करते; खेळाडूने अनपेक्षित काही करायचे म्हटले, तर त्याला दाद देणारे पलीकडे कोणी नसते.

दुसऱ्या मतानुसार हे मूळ पटावरील युद्धखेळांत आहे. राइस्विट्झ याच्या १८२४ मधील प्रशियन ‘क्रीगस्पील’मध्ये दोन्ही पक्षांना पंच दाखवील तेवढेच दिसे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉडनी किनी यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ या युद्धखेळासाठी केलेल्या आज्ञावलीतून पुढे ‘व्हॅसल’ हे सर्वसाधारण साधन निघाले. ते पट मांडून देते, सोंगट्या हलवू देते. नियम पाळायचे की नाही हे खेळाडूंवर सोडते. यंत्राने पट सांभाळावा आणि माणसाने न्याय करावा ही विभागणी पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ई-टपाल व आयआरसी या गप्पांच्या माध्यमांवर फासे टाकून देणाऱ्या छोट्या आज्ञावल्या हा आणखी एक धागा. आज डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावर चालणारा ‘अव्रे’ हा बॉट (आज्ञांना आपोआप उत्तर देणारी आज्ञावली) त्याच कुळातला.

प्रमुख साधने : २००० च्या आसपास ‘वेबआरपीजी’ आणि पायथन भाषेतील ‘ओपनआरपीजी’ प्रचारात होती. फिनलंडमध्ये तयार झालेले ‘फँटसी ग्राउंड्स’ २००४ मध्ये विक्रीस आले. ‘रोल२०’ हे २०१२ मध्ये लोकवर्गणीतून उभे राहिले आणि ब्राउझरमध्ये चालत असल्याने झपाट्याने पसरले. अँड्र्यू क्लेटन यांचे ‘फाउंड्री’ मे २०२० मध्ये, म्हणजे करोनाच्या टाळेबंदीत, प्रसिद्ध झाले. रोल२०चा पट कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि अधिक सोयींसाठी वर्गणी भरावी लागते. फाउंड्रीचा परवाना एकदाच, तोही फक्त गेम मास्टरने घ्यायचा असतो. सर्व्हर मात्र त्याला स्वतः चालवावा किंवा भाड्याने घ्यावा लागतो. बाहेरच्या खेळाडूंना जोडता यावे म्हणून घरच्या राउटरचा पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, उघडण्याची खटपट बहुतेक नवख्यांना येथेच अडवते.

फासे : वीस पैलूंचा फासा टाकण्याची आज्ञा ‘१डी२०’ (रोमन लिपीत 1d20) अशा संक्षेपाने देतात; ‘३डी६+२’ म्हणजे सहा पैलूंच्या तीन फाशांच्या बेरजेत दोन मिळवणे. संगणक येथे यादृच्छिक भासणारी संख्यामाला वापरतो. फाउंड्रीत माकोतो मात्सुमोतो व ताकुजी निशिमुरा यांची ‘मर्सेन ट्विस्टर’ ही १९९७ ची पद्धत आहे. तिची माला २ चा १९,९३७ वा घात वजा १ इतक्या संख्यांनंतरच पुन्हा सुरू होते. रोल२० प्रकाशशलाकेतील सूक्ष्म चढउतारांपासून यादृच्छिकता मिळवते.

मूळ माला निर्दोष असली, तरी तिचे फाशात रूपांतर करताना चूक होऊ शकते. ० ते २५५ यांपैकी एक संख्या घेऊन तिला २० ने भागले व बाकीत १ मिळवला, तर १ ते १६ हे आकडे प्रत्येकी १३ वाटांनी येतात, १७ ते २० मात्र १२ वाटांनीच. मोठे आकडे अशा रीतीने किंचित दुर्मिळ होतात. उपाय सोपा आहे : २४० किंवा त्याहून मोठी संख्या आली की ती टाकून नवी घ्यायची. ‘संगणकाचे फासे लबाड असतात’ ही खेळाडूंची तक्रार सहसा अशा दोषामुळे नसतेच. बैठकीत वीस पैलूंचा फासा शंभर वेळा पडला, तर कुठेतरी लागोपाठ दोनदा १ येण्याची शक्यता सुमारे २१ टक्के असते, आणि लक्षात राहतात ते नेमके हेच प्रसंग.

दृश्य आणि गुप्तता : गेम मास्टर नकाशावर भिंतींच्या रेषा आखतो, सोंगटीपासून निघालेली दृष्टिरेषा जेथे अडते, त्यापलीकडचा भाग खेळाडूला काळा दिसतो. ‘डंजनड्राफ्ट’सारख्या नकाशा काढण्याच्या साधनातून या भिंती व दिवे नकाशासोबतच निर्यात करता येतात. संपूर्ण नकाशा खेळाडूच्या ब्राउझरकडे पाठवून वर नुसता पडदा टाकला असेल, तर जाणकार खेळाडू त्यामागे डोकावू शकतो. मित्रमंडळींत याचा फारसा बाऊ करत नाहीत.

हक्क व व्यापार : ‘डी अँड डी बियाँड’ हे २०१७ मध्ये सुरू झालेले नियम व नोंदपत्रांचे संकेतस्थळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक असलेल्या हॅस्ब्रो कंपनीने २०२२ मध्ये सुमारे १४.६ कोटी डॉलरला घेतले. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याच्या नव्या मसुद्यांवरून वाद पेटला. व्हीटीटीने खेळातील जादूच्या मंत्रबाणाचे चलच्चित्र दाखवावे की नाही, इथपर्यंत त्यातील एका मसुद्याची मजल गेली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस मूलभूत नियमसंहिता क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली. त्रिमितीय दृश्यांवर भर देणारे याच कंपनीचे ‘सिजिल’ हे व्हीटीटी फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. पुढच्याच महिन्यात त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना कमी करण्यात आले. केवळ नकाशा, सोंगट्या आणि फासे देणारे ‘आउलबेअर रोडिओ’ त्यामानाने फारच साधे, तरी साप्ताहिक बैठकीला ते पुरते.

भाषा : फाउंड्रीचा दर्शनी मजकूर भाषासंचिकांद्वारे बदलता येतो. फाशांच्या आज्ञा मात्र रोमन अक्षरे व 0 ते 9 हे इंग्रजी अंक यांतच द्याव्या लागतात.