आवाज इथं, विमान तिथं

उन्हाळ्यात माळवदावर कुरडया वाळत घातल्या की राखणीला आम्हा पोरांना बसवायचे. वर घरघर सुरू झाली की आजी म्हणायची, "आलं बघ बिदरचं इमान." आवाजाच्या रोखानं मान वर करावी, तर तिथं नुसतं आभाळ. विमान पार पुढं गेलेलं असायचं.

हिशेब सोपा आहे. विमान 5 किलोमीटर उंचीवर असेल तर आवाज खाली पोचायला 15 सेकंद लागतात. ताशी 600 किलोमीटर वेगानं तेवढ्यात ते अडीच किलोमीटर पुढं सरकतं. कान सांगतो ती जागा पंधरा सेकंदांपूर्वीची. पुढं बघायचं हे आम्हाला हिशेब कळायच्या आधीच सवयीनं जमलं होतं.

बिदर आता कर्नाटकात असलं तरी आम्हा उदगीरकरांना परकं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना होईपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. तिथली धावपट्टी मात्र त्याहून जुनी, निजामाच्या काळातली. 1948 मध्ये सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक चार इंजिनांच्या लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून निजामासाठी शस्त्रं आणत होता. (या उद्योगाबद्दल पुढं ब्रिटनमध्ये त्याला दंड झाला, फक्त 200 पौंड!) एवढं जड विमान उतरवायला लांब, टणक पट्टी लागते. संस्थानात अशा जागा मोजक्याच. म्हणून 13 सप्टेंबरला पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाविरुद्धची भारताची लष्करी कारवाई, सुरू झाली तेव्हा हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर हल्ले चढवले. पुढं 17 सप्टेंबरला काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

टणक म्हटलं ते उगाच नाही. आपली रेगड, म्हणजे काळी माती, पावसात फुगते नि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की खुरपं आत जावं. तिच्यातलं मोंटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. वर घातलेला रस्तासुद्धा लाटांसारखा होतो, हे आपण दर पावसाळ्यात बघतोच. अशा मातीवर धावपट्टी करायची तर आधी ती खणून काढावी लागते किंवा चुना मिसळून सुधारावी लागते. बिदर तांबड्या जांभ्याच्या पठारावर वसलंय. जांभा असा फुगत नाही आणि पाणी झिरपू देतो. जागा निवडताना कुणी एवढा विचार केला असेल की नाही कोण जाणे, पण फायदा झालाच.

स्वातंत्र्यानंतर ही पट्टी हवाई दलाची शाळा झाली. सूर्यकिरण हे कसरती करणारं पथक 1996 मध्ये इथंच उभं राहिलं. 23 फेब्रुवारी 2008 ला हॉक ही जेट विमानं इथंच दलात दाखल झाली. त्याआधी पोरं किरणसारख्या संथ विमानावरून थेट मिग-21 वर जायची. सायकल शिकलेल्याला बुलेटवर बसवावं, तसं. हॉकनं ती मधली पायरी भरून काढली.

आणि 7 फेब्रुवारी 2020 ला याच पट्टीवर बंगळूरहून एटीआर जातीचं प्रवासी विमान उतरलं. टर्मिनल कित्येक वर्षं बांधून पडलं होतं. आडवी आली होती हैदराबादच्या नव्या विमानतळाच्या करारातली अट: 150 किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नको.

अशा ठिकाणी टर्मिनल नागरी, पण धावपट्टी नि कंट्रोल टॉवर हवाई दलाचे. टॉवरमधल्या माणसाची खरी कसोटी म्हणजे दोघांच्या उतरायच्या तऱ्हा वेगळ्या. प्रवासी विमान लांबून नाकासमोर, 3 अंशांच्या उतारानं येतं. 10 किलोमीटरवर असताना ते जेमतेम सव्वापाचशे मीटर उंच असतं. जेट मात्र वेगात थेट धावपट्टीवरून जातं आणि तिथंच आडवं होऊन गर्रकन वळतं. हा दिखाऊपणा नव्हे. तीव्र वळणात पंखांना जास्त उचल द्यावी लागते, त्यासोबत हवेचा अडथळा वाढतो आणि वेग आपोआप उतरतो. वळण हाच ब्रेक! शिवाय जड विमानाच्या पंखांच्या टोकांवरून हवेचे भोवरे सुटतात, ते मागं मिनिटभर तरी घुमत राहतात. 23 टनांच्या एटीआरमागं नवशिक्याचं हलकं विमान लगेच सोडता येत नाही.

माझ्या मते सगळ्यात गमतीची ओढाताण हवेपायी असावी. बिदर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंच. तिथं मे महिन्यात पारा 42 वर गेला की हवा प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटीवरची, 15 अंशांची) सुमारे 15 टक्के विरळ होते. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी, म्हणून धाव लांब. 25 अंशांच्या सकाळी हीच घट 11 टक्क्यांच्या आसपास. त्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठतात. प्रवाशांच्या पोटात गोळा येतो आणि शिकाऊ वैमानिकाचा हात हलतो. म्हणजे सकाळची गार, निवांत हवा दोघांनाही हवी, आणि पट्टीचा मालक हवाई दल. पाहुण्यानं सांगितल्या वेळेला यायचं.

ती पहिली सेवा पुढं बंद पडली. मग 2022 मध्ये दुसऱ्या कंपनीनं सुरू केली, तीही मध्ये थांबली. उदगीरहून बिदरला विमानासाठी निघायचं तर आधी "चालू आहे का?" हे विचारून घ्यावं. तिथं फोटो काढायला मनाई आहे, तेव्हा मोबाईल खिशातच असू द्या आणि खिडकीची जागा मागून घ्या. पट्टीकडे जाताना हॉक दिसलं तर नशीब.