कॉरोनरी सीटी : पोकळीकडून भिंतीकडे

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्या जिवंत माणसात स्पष्ट दिसू लागल्या त्या एका अपघाताने. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स महाधमनीच्या झडपेचे चित्रण करत असताना नळीचे टोक उजव्या कॉरोनरी धमनीत शिरले आणि कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत रक्तवाहिनी उठून दिसावी म्हणून सोडतात ते द्रव्य) थेट तिच्यात गेले. रुग्ण बचावला आणि अँजिओग्राफीचा पाया घातला गेला. मात्र या तपासणीत दिसते ती केवळ रक्त वाहण्याची पोकळी. भिंतीत चरबीयुक्त साका (प्लाक) साचू लागला की धमनीची भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे पोकळी बराच काळ शाबूत राहते आणि हृदयविकाराचा झटका पुष्कळदा फारशा अरुंद न झालेल्या जागीच साका फुटून येतो.

धमन्यांचा नकाशा सहज हाती येत नव्हता, त्या काळात त्यांना वगळूनच स्नायूला रक्त पोचवण्याचाही विचार झाला. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयरचनेवरून सुचलेली, हृदयाच्या स्नायूला सुईने छिद्रे पाडण्याची पद्धत १९६५ मध्ये मांडली. पुढे बायपास रूढ झाल्यावर ती मागे पडली, पण कल्पनेचे धाडस आजही थक्क करते.

क्ष-किरणांनी शरीराची कापांसारखी चित्रे घेणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण केले. मेंदू स्थिर असतो, हृदय नाही. त्यामुळे हृदयापर्यंत पोचायला सीटीला बराच काळ लागला. १९९० मध्ये आर्थर अ‍ॅगॅटस्टन व सहकाऱ्यांनी धमन्यांतील साक्यात जमलेले कॅल्शियम मोजण्याची गुणपद्धत दिली आणि २००४ च्या सुमारास ६४ स्लाइसची (एका फेरीत ६४ काप टिपणारी) यंत्रे आल्यावर धमन्यांचे चित्रण रोजच्या वापरात आले.

तरीही सगळे नाडीच्या ठोक्यांवर अडते. लोकलच्या गर्दीतून आणि पुलाचे जिने चढून सेंटरवर पोचलेल्या रुग्णाची नाडी ऐंशीच्या पुढे असेल, तर ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरची गोळी देऊन त्याला बसवून ठेवतात आणि ठोके साठीच्या आसपास आल्यावरच टेबलावर घेतात. जिभेखाली धमन्या रुंदावणारे नायट्रोग्लिसरीन, मग ‘श्वास घ्या, रोखून धरा’. ईसीजीच्या तालावर, हृदय सर्वांत शांत असते तेवढ्या क्षणात चित्र टिपले जाते.

त्यात एखाद्या धमनीचा जन्मजात चुकीचा उगमही दिसतो. ती महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्यामधून जात असेल, तर तरुण खेळाडूच्या अचानक मृत्यूचे ते कारण ठरू शकते. स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट अभ्यासात छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या नेहमीच्या उपचारांना सीटीची जोड दिल्यावर पाच वर्षांत हृदयधमनीविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आले. त्यामागे अधिक शस्त्रक्रिया नव्हत्या. साका दिसल्यामुळे औषधे वेळेवर सुरू होणे, हेच त्याचे मुख्य कारण मानले जाते.

दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, हे अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवले आहे. म्हणूनच हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधला ‘कॅल्शियम स्कोअर शून्य’ हा शेरा चाळिशीच्या आतल्या, धूम्रपान करणाऱ्या माणसाने निर्धास्त होण्यासाठी वापरू नये, असे माझे मत आहे. मऊ साक्यात कॅल्शियम नसतेच.